पाळोळ्याच्या पाववाल्या काकांना, उदगीरवरनं

काका नमस्कार. तुमचा फोन नंबर घ्यायचा राहिला अन् बेकरीवर पाटी पण नव्हती, म्हणून इथंच लिहायलोय, गोव्यात काणकोणकडचं कुणी वाचलं तर पोचवा म्हणावं.

आठवतंय का बघा, दिवाळीनंतर आलतो आम्ही, लेकरांना समुद्र बघायचा होता. पहाटं झोप लागंना म्हणून चहा शोधत निघालो तर सायकलवर एक पोरगा पों पों भोंगा वाजवत गेला, मागं टोपलीत पाव, मी तो आला त्या बाजूला वासावर चालत गेलो अन् माडांच्या मागं तुमची कौलारू बेकरी सापडली. तुम्ही लांब दांड्याच्या फळीनं उंडे आत सरकवायलते. काही न विचारता एक गरम पोई हातावर ठेवलात, वरनं कोंडा, आतून पोकळ, आपल्या टम्म फुगलेल्या भाकरीवानी. बायकोचे तीन मिसकॉल पडले तरी मी तिथंच.

मग माझं रडगाणं. लॉकडाऊनमधी पुण्यातल्या हॉटेलातलं काम सुटलं, गावाकडं येऊन शेतात विटांची भट्टी बांधलो, पण पाव वरनं करपायचा, आत कच्चा, अन् दोन महिन्यात घुमटाला भेगा. मला वाटायचं यीस्टच बेकार. तुम्ही पिठाचं कायबी विचारलं नाही, विचारलात तर 'माती कसली?' काळी, म्हणलो. तुम्ही जे हसलात! अहो जन्मापासून बघतोय, मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा, पाऊस पडला की तीच माती फुगते, अन् मी तीच विटांमधी भरलो, वरनं सिमेंटचा गिलावा. सिमेंट एवढ्या आचेला टिकत नाही हे गवंड्याला पण ठाऊक नव्हतं, जाऊ द्या.

तोंड तर मी घुमटाएवढंच उंच ठेवलतो. सगळी आच बाहेर, म्हणून जाळ चालू ठेवूनच भाजायचो, मग करपणारच की. तुम्ही काठीनं मातीत रेघा मारून दाखवलात, घुमट दोन हात तर तोंड सव्वा हात. निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्यानं फरशी पुसायची, चिमूटभर पीठ टाकायचं, लगेच काळं पडलं तर थांबायचं. दोन तास बसवून घेतलात काका, धंद्याच्या टायमाला, अन् पैसे विचारले तर पावाचे तेवढे घेतलात.

इथं आल्यावर सगळं पाडलो. कुंभाराकडची माती, त्यात वाळू, खाली हैदराबादहून आणलेली फायरब्रिक, म्हणजे आच सोसणारी वीट. तुम्ही सांगितल्यासारखं आठवडाभर नुसत्या काटक्यांवर सुकवलो, बायको म्हणायची पेटवा की एकदाचं, पण घाई केलो नाही. बाभळीची आच लई कडक, पहिली खेप कोळसाच झाली. दुसरी जमली. आता कोंड्यासोबत चौथा हिस्सा ज्वारीचं पीठ घालतो, जास्त घातलं की फुगतच नाही. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत संपतात, लोक पोई म्हणत नाहीत, 'गोव्याची भाकर' म्हणतात, म्हणू द्या.

लई उपकार झाले काका. अन् एक विचारायचं राहिलं, पावसाळ्यात घुमटावर काय झाकता? मी पत्रा टाकलोय पण बाजूनं झड येते.