बाबा, ताऱ्याचं वजन असं काढतात

प्रिय आई-बाबा,

परवा बाबांनी फोनवर विचारलं की इतक्या दूरच्या ताऱ्याचं वजन तुम्ही लोक काढता तरी कसं, अन् तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून आता लिहूनच पाठवते, आईलाही वाचून दाखवा.

मी ताऱ्यांच्या ज्या पुंजक्यावर काम करून राहिली त्याचं नाव आर-१३६. तो आपल्या आकाशगंगेतला नाही, मोठा मॅगेलन मेघ नावाच्या शेजारच्या छोट्या आकाशगंगेतला आहे, तिथला उजेड इथं यायला १,६०,००० वर्षं लागतात. बाबा रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला जातात तेव्हा मृग दिसतो, पण हा पुंजका आपल्याकडून दिसतच नाही, फार दक्षिणेला आहे.

१९८०च्या सुमारास काहींना वाटायचं की त्याच्या मधोमध एकच तारा आहे, सूर्याच्या हजार पटींहून जड! १९८५ मध्ये बारीक फोटो निघाले तर तिथं ताऱ्यांची दाटीवाटी. रात्री वावरातून गाव एकच उजेडाचा ठिपका वाटते ना, तसं.

वजन थेट कोणीच करत नाही. ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फाकवला की त्यात रेघा दिसतात, कोणत्या रेघा किती ठळक त्यावरून तापमान कळते, ही वाट आपल्या मेघनाद साहा या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवली. तापमान अन् एकूण तेज समजलं की गणितातून वजन निघते. आमच्या ताऱ्यांच्या रेघा फुगलेल्या असतात, कारण त्यांच्यातून सेकंदाला दोन-अडीच हजार किलोमीटर वेगानं वारा सुटलेला असते, स्वतःचंच अंग उडवून राहिलेत ते, अन् वय जेमतेम दहा-वीस लाख वर्षं.

खरी मेहनत शेजाऱ्याचा उजेड मिसळू न देण्यात आहे. हबल दुर्बिणीची बारीक फट पुंजक्यावरून जराजरा सरकवत एकेका ताऱ्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे तोच रंगांत फाकवलेला उजेड, घेतला, तेव्हा २०१६ मध्ये सूर्याच्या १०० पटींहून जड असे नऊ तारे सांगता आले. मी तोच डेटा वापरते. सगळ्यात जड ताऱ्याचा आकडा २०१० मध्ये २६५ सूर्य होता, २०२२ मध्ये चिलीतून अजून स्पष्ट फोटो घेतले अन् तो २००च्या आसपास आला. बातमीत विक्रमच येतात, पण मला हा उतरलेला आकडा जास्त आवडला, फोटो सुधारला म्हणून तो उतरला.

बाबा, वारा सुटते म्हणजे वजन वर्षाला किती घटते हे तुम्ही विचारालच, ते रविवारी फोनवर सांगते, पण गच्चीवर जाऊन बोला म्हणजे आवाज येईल.

तुमची,
ताई