बाळाचं डिपॉझिट घेतलंत, मग बाळाला बाहेर का काढलंत?

प्रति,
कस्टमर रिलेशन्स, तुमच्या सगळ्या पबांचं जे हेड ऑफिस आहे तिथे

विषय: रविवारी दुपारी तुमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या पबमध्ये लहान मुलांसकट आम्हाला अर्ध्या जेवणावरून उठवलं त्याबद्दल

नमस्कार,

आधी इंग्रजीत लिहिलं होतं, त्यावर "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे" असलं छापील उत्तर आलं, ते मशीनने लिहिलं की माणसाने तेही कळेना. म्हणून आता मराठीत लिहितेय. ट्रान्सलेट करून घ्यायचं तर घ्या, नाहीतर इकडच्या आपल्या मराठी मंडळींना तरी वाचता येईल, कारण पोरंबाळं घेऊन रविवारी तुमच्याकडे जेवायला येणारे त्यातले बरेच आहेत.

झालं असं की माझे सासू-सासरे एप्रिलमध्ये सांगलीहून आलेत, त्यांना एकदा इकडचं रविवारचं रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही) खायला घालू म्हणून तुमच्या वेबसाइटवर साडेतीनचं टेबल बुक केलं. पहिल्याच पानावर मोठा फोटो, आई-बाप, दोन पोरं, हाय चेअरमध्ये गोबरं बाळ, खाली लिहिलंय सगळ्या कुटुंबाचं स्वागत. बुकिंग करताना विचारलंत मोठे किती, मुलं किती, हाय चेअर हवी का. मी सगळं नीट भरलं, चार मोठे, एक चार वर्षांचा मुलगा, एक सात महिन्यांची मुलगी. मग माणशी ५ पौंड डिपॉझिट मागितलंत, आणि बघा हं, सहा जणांचे ३० पौंड कापलेत. म्हणजे जिला अजून धड दात आले नाहीत, जी घरून आणलेली डाळ-भाताची पेज खाणार होती, तिचेही ५ पौंड तुम्ही घेतलेत. मी तेव्हा हसले होते, म्हटलं चला, बाळाची खुर्ची तरी पक्की झाली.

जेवण यायला तासभर लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, रविवारी गर्दी असते, ऑर्डर घेणारी मुलगी अठरा-एकोणीसची असेल, एकटी सहा-सात टेबलं सांभाळत होती बिचारी, तिला कृपा करून काही बोलू नका. ताटं आली साधारण साडेचारला आणि त्याच वेळी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर फुटबॉलची मॅच सुरू झाली. पाठोपाठ मॅनेजर आला आणि म्हणाला की मॅचच्या दिवशी पाच वाजल्यानंतर अठराच्या खालचे चालत नाहीत, तेव्हा पाचपर्यंत आटपा. सासूबाईंचं नट रोस्ट, म्हणजे सुक्या मेव्याचं शाकाहारी रोस्ट, तर अजून आलंही नव्हतं. मी म्हटलं अहो बुकिंगमध्ये असं कुठेच लिहिलेलं नाही, तर म्हणे कायदाच आहे तसा, लायसन्सचा प्रश्न आहे, माझ्या हातात काही नाही. आणि मग वर उपकार केल्यासारखं, हवं तर बाहेर बिअर गार्डनमध्ये बसा. बाहेर पाऊस पडत होता हो! एप्रिलचा इकडचा पाऊस, गार वारा, आणि सात महिन्यांचं बाळ.

शेजारच्या टेबलाखाली एक मोठा लॅब्राडोर आरामात पसरला होता, त्याच्यासाठी दारात पाण्याचं भांडं आणि काउंटरवर बिस्किटांची बरणी. त्याला पाचची वेळ नव्हती. कुत्र्यावर माझा राग नाही, गोड होता, माझा मुलगा सगळा वेळ त्याच्याशीच बोलत होता.

आता कायद्याचं. घरी येऊन मी शांतपणे वाचलं, आणि तुमच्या मॅनेजरनेही एकदा वाचावं अशी विनंती आहे. इंग्लंड-वेल्सला लागू असलेला लायसन्सिंग ॲक्ट २००३ चा आहे, त्याचं कलम १४५ असं म्हणतं की जिथे मुख्य धंदा दारू पाजण्याचाच आहे अशा ठिकाणी १६ च्या खालचं मूल एकटं, अठराच्या वरच्या कोणाच्याही सोबतीशिवाय येऊ दिलं तर तो गुन्हा. सोबत मोठं माणूस असेल तर हे कलम आडवं येत नाही. माझ्या पोरांसोबत चार होते, त्यातले दोन तर साठीच्या पुढचे. बाकीच्या लायसन्सवाल्या ठिकाणांसाठी एकट्या पोरांची बंदी मध्यरात्री ते पहाटे ५ अशी आहे, संध्याकाळी ५ नाही, तिथेच तुमच्या माणसाचा घोळ झाला असेल तर माहीत नाही.

हां, एखाद्या पबच्या लायसन्सवर कौन्सिलची वेगळी अट असू शकते, अमुक वाजल्यानंतर मुलं नकोत म्हणून. ते मला मान्य आहे. पण लायसन्सचा सारांश लोकांना दिसेल असा लावणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि त्या कागदावर मुलांच्या प्रवेशावर बंदी किंवा मर्यादा आहे का असा सरळ एक रकाना असतो. तुमच्याकडे तो टॉयलेटकडे जाणाऱ्या बोळात फ्रेम करून लावलाय, नवऱ्याने निघताना फोटो काढला. त्या रकान्यात काहीही बंधन नाही असं लिहिलंय. म्हणजे कायदा नाही, लायसन्सही नाही, तो नियम तुमच्या मॅनेजरचा किंवा तुमचा. मग तसं सांगा ना! आमची मर्जी म्हणा. कायद्याच्या नावावर का खपवता?

आणि तुमची मर्जी असू शकते हे मी नाकारत नाही, हे नीट वाचा, कारण मागच्या उत्तरात तुम्ही मला "मुलांना प्रवेश देणं न देणं हा आमचा अधिकार आहे" असं ऐकवलंत. आहेच. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वयावरून भेदभावाची जी मनाई आहे ती दुकानं, हॉटेलं असल्या सेवांपुरती अठराच्या पुढच्यांनाच लागू होते, त्यामुळे "आमच्याकडे मुलं नकोत" असा बोर्ड तुम्ही खुशाल लावा. मला तर उलट तसे पब असावेत असंच वाटतं. दिवसभर काम करून एक पाइंट बिअर घेऊन गप्प बसायला येणारा माणूस असतो, त्याला माझ्या पोराचं रडणं का ऐकायला लावायचं? शिवाय काही आई-बाप खरंच कमाल करतात, पोरं टेबलांमधून पळतायत, गरम ताटं घेऊन वेटर अंग चोरून चाललाय, आणि हे फोनमध्ये. त्यांना उठवा, माझी पूर्ण साथ आहे. पण माझा मुलगा खुर्चीवर बसून यॉर्कशायर पुडिंग ग्रेव्हीत बुडवत होता आणि मुलगी माझ्या मांडीवर दूध पीत होती.

हो, त्या दुधाचंही सांगते. मॅनेजर म्हणाला की बाळाचं पिऊन होईपर्यंत हवं तर बोळातल्या बाकावर बसा. त्याच बोळात, टॉयलेटच्या दारासमोर. आता इथे मात्र मर्जी नाही चालत. अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या कारणासाठी हलवणं किंवा वेगळी वागणूक देणं याच २०१० च्या कायद्यात बसत नाही, मग तो कॅफे असो, बस असो की पब. मी कोर्टात वगैरे जाणार नाहीये, मला दोन पोरं सांभाळायचीत, पण तुमच्या ट्रेनिंगमध्ये ही एक ओळ घाला.

आणि डायपर बदलायचं टेबल फक्त बायकांच्या टॉयलेटमध्ये का? नवरा बाळाला घेऊन गेला तो तसाच परत आला आणि पावसात कारच्या मागच्या सीटवर जाऊन बदललं. स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांखालची मुलं आत घेणाऱ्या पबला बाळ बदलायची सोय ठेवावीच लागते आणि ती बाई-पुरुष दोघांनाही वापरता आली पाहिजे अशी २००५ च्या त्यांच्या कायद्यात अटच आहे. तुमचे पब तिकडेही आहेत, म्हणजे तिथे जमतं आणि इथे जमत नाही.

ऑफिसात हा किस्सा सांगितला तर माझी एक साठीला आलेली कलीग खूप हसली. तिच्या लहानपणी १४ च्या खालच्या पोरांना बारमध्ये घ्यायचेच नाहीत, १९०८ पासूनचा जुना नियम, नंतर १९६४ च्या कायद्यातही तोच राहिला. त्यामुळे आई-बाप आत आणि ही भावंडं पार्किंगमध्ये कारमध्ये, हातात चिप्सचं पाकीट आणि लेमोनेडची बाटली. मग १९९५ मध्ये पबला मुलांना आत घेण्यासाठी वेगळं सर्टिफिकेट मिळायला लागलं, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये वर सांगितलेला २००३ चा कायदा लागू झाला, २००७ च्या जुलैमध्ये आतली सिगारेट बंद झाली, आणि तुम्ही लोकांनी आपणहून फॅमिलीला हाका मारायला सुरुवात केली, किड्स मेन्यू, रंगीत खडू, फिश फिंगर्स. पुढे तर पंतप्रधानसुद्धा पोरांना घेऊन पबमध्ये जायला लागले, तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून तर आठ वर्षांच्या मुलीला पबमध्येच विसरून घरी गेले होते, २०१२ ला पेपरात आलं होतं. ती कलीग म्हणाली, आम्हाला निदान माहीत तरी असायचं की आत घेणार नाहीत. मला ते फार पटलं.

कारण माझं खरं दुखणं सासऱ्यांचं आहे. आमच्याकडे पोरांना घेऊन कोणी परमिट रूममध्ये जात नाही, बिअरला २१ आणि दारूला २५ वय लागतं महाराष्ट्रात, आणि घरातली पोरं बरोबर असली तर हॉटेलवाला न विचारता आतल्या फॅमिली रूमकडे बोट दाखवतो. सासरे कधीमधी घेतात, पण नातवासमोर? छे! त्यांना आठवडाभर समजावलं की बाबा इथे पब म्हणजे तसलं काही नाही, म्हाताऱ्या बायका जेवायला येतात, पाळण्यातली पोरं असतात, गावातलं चार माणसांचं बसायचं ठिकाण आहे ते. शेवटी तयार झाले, इस्त्रीचा शर्ट घालून आले, अर्धा पाइंट शँडी (लेमोनेड घातलेली बिअर) घेतली तीसुद्धा नातवाकडे पाठ करून प्यायले. आणि बरोबर तेव्हाच तो मॅनेजर येऊन म्हणतो मुलांना बाहेर न्या. बाबांना इंग्रजी चांगलं कळतं. ते काही बोलले नाहीत, नातवाचं जॅकेट घेतलं आणि दाराकडे चालायला लागले, आणि कारमध्ये सासूबाईंना म्हणाले, मी सांगत होतो असल्या जागी लेकरं नेऊ नयेत. आता काय बोलणार मी? आठवडाभर समजावलेलं सगळं पाण्यात.

तर माझं मागणं फार मोठं नाही. मुलं पाचपर्यंत, सातपर्यंत, नऊपर्यंत, मॅच असेल तेव्हा अजिबात नाही, काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवा आणि बुकिंगच्या पानावर, जिथे मुलं किती असं विचारता ना, तिथेच त्याच्या खाली लिहा. दारावर लिहा. आणि जे लिहाल ते सोमवारच्या मॅनेजरला आणि रविवारच्या मॅनेजरला सारखंच असू द्या, कारण मार्चमध्ये याच पबमध्ये याच पोरांना घेऊन आम्ही रात्री आठपर्यंत बसलो होतो आणि तेव्हाच्या मॅनेजरबाईंनी मुलीला खेळायला लाकडी चमचा आणून दिला होता. साडेतीनचं बुकिंग, पाचला बाहेर, आणि साडेचारला जेवण, हा हिशेब तुमच्या कंप्युटरला कळायला हवा, सहा माणसांचं डिपॉझिट कापता येतं तर एवढंही जमेल.

पैशांचं म्हणाल तर ३० पौंड डिपॉझिट बिलातून वजा केलेलंच नाही, पावतीचा फोटो सोबत जोडलाय. सासूबाईंचं नट रोस्ट टेबलावर आलंच नाही तरी बिलात लावलंय, ते १६ पौंड. एकूण ४६. व्हाउचर पाठवू नका, ज्या कार्डावरून कापलेत त्याच कार्डावर जमा करा, आणि उत्तर देणार असाल तर खाली कोणीतरी आपलं नाव लिहा.

आपली,
एक ग्राहक, बर्कशायर
(बुकिंग नंबर पावतीवर आहे)