स्कूटी नको तर राहू दे

प्राजू,

काल मी सायकल सोड, स्कूटी घेऊन देतो एवढंच म्हणलं, त्यावर फोन ठेवण्याएवढं चिडायला काय झालं मला कळंना. आई म्हणायली लिहून पाठवा, बोलताना तुमचा आवाज चढतो. म्हणून टाइप करायलो. सायकलचा विषय काढणार नाही असं तिला कबूल केलंय.

गुडघा कसाय? तू खरचटलं एवढंच सांगितलंस, पण शुभम म्हणला की उलट्या बाजूनं आलेल्या गाडीवाल्यानं कट मारला आणि तू डिव्हायडरवर गेलीस. बरं राहू दे. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं का तेवढं कळव.

तुझ्या लॅबमधल्या त्या फ्रीजरची गोष्ट मी सबस्टेशनला सगळ्यांना सांगितली. उणे ८० चा फ्रीजर दिवसाला १५-२० युनिट खातो म्हणल्यावर कुणाला खरंच वाटंना. आपल्या घराला महिन्याला ९० च्या आसपास लागतात, म्हणजे तुमचा एक फ्रीजर पाच-सहा घरं चालवील. आणि तो उणे ७० वर आणला की पाव हिस्सा तरी वाचतो, बहुतेक सॅम्पलला काही होत नाही, हे तू पेपर दाखवून सरांना पटवलंस, शिवाय आतली अर्धी सॅम्पलं पास होऊन लग्न झालेल्या पोरांची निघाली, हे ऐकून मोरे साहेब लई हसले. मला म्हणले तुमची पोरगी आमच्यापेक्षा जास्त लोड कमी करायली. मी वर वर काही बोललो नाही.

आता विजेचं मला कळतं म्हणून सांगतो. हॉस्टेलमध्ये पंखे बदलायचा अर्ज करणार होतात त्याचं काय झालं? जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसीवाला, म्हणजे कमी वीज खाणारा नवीन, २८-३० चा. २०० खोल्या धर, रात्रीचे १० तास धर, एका रात्रीत ९० युनिटचा फरक पडतो. आपल्या घराचा महिना निघतो त्यात. अर्जात असं मांड, नुसतं पर्यावरण पर्यावरण लिहिलं तर फाईल हलत नाही. गिझर २ किलोवॅटचा असतो, अर्धा तास चालला की १ युनिट गेलं, तर एकीनं चालू केला की बाकीच्यांनी लगेच पाठोपाठ आंघोळ उरकायची. पोरी लपवून पाणी तापवायचा रॉड वापरत असतील तर तो आधी बंद करा, तिथं वीज वाचवायचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे, मी असले पंचनामे बघितलेत. एसी २४ वर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक डिपार्टमेंटला वेगळा मीटर मागा. बिल वरच्या ऑफिसात जातं, एसी लावून जेवायला जाणाऱ्याला ते दिसतच नाही, मग तो कशाला बंद करील? मीटर बसला आणि महिन्याचा आकडा नोटीस बोर्डावर लागला की बघ कसे आपोआप...

झालं सुरू माझं लेक्चर. सॉरी. हे सगळं तुला माझ्याआधीच माहीत असणार.

पाण्याचं मात्र तुला कुणी शिकवायची गरजच नव्हती. २०१६ ला तुझी दहावी होती, लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून कलम १४४ लावलं होतं. तू विज्ञानाचं पुस्तक घेऊन घागरीवर बसायचीस, टँकर आला की पुस्तक आज्जीकडं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वे आली पाणी घेऊन, १० डब्यांत ५ लाख लिटर, पुढं ५० डब्यांची यायला लागली. मी तुला स्टेशनकडं न्यायला तयार नव्हतो, उन्हाचं आणि गर्दीचं कारण सांगून, तर तू संध्याकाळपर्यंत जेवली नाहीस. तेव्हापासून तू अर्ध्या बादलीत आंघोळ करतीस हे तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना माहीत आहे का? आरओचं वाया जाणारं पाणी ड्रममध्ये साठवायलाव हे वाचून आज्जी म्हणली, माझी नात आहे. एक लिटरमागं दोन-तीन लिटर गटारात जातं ते, फरशी पुसायला, संडासाला चालेल, झाडांना रोज नको घालू, क्षार असतात.

कागदी कप बंद केले हे पण चांगलं. पण एक विचारतो, राग मानू नको. डिपार्टमेंटच्या चहाचे स्टीलचे कप कोण धुतं? मावशी धुवत असतील तर ते काय पर्यावरण झालं, वीस कपांचं काम त्यांच्यावर वाढलं. आपापला कप आपण विसळायचा, सरांनी पण. हे बोलायला तुला अवघड जाईल, पण फ्रीजरचं बोललीसच की. मेसमध्ये आधी कमी वाढून घ्या, पुन्हा मागा, ताटात भात टाकणाऱ्या पोरांना मराठवाड्यात आणून उभं करायला पाहिजे.

आणि आता राहवत नाही म्हणून लिहितो. तूच सांगितलंस, तुमचे चार सर एकाच भागातून चार कारमधून येतात, एकेकटे. त्यांना एका गाडीत बसवायला कुणाला जमंना, आणि स्टायपेंडवर जगणाऱ्या पोरीनं सायकल चालवून पुण्याची हवा साफ करायची? सायकल ट्रॅक आहेत म्हणतीस, त्यावर गाड्या लावलेल्या असतात, हातगाड्या असतात, शेवटी तू रस्त्यावरच येतीस. कॅम्पसच्या आत खुशाल चालव. बाहेर बस आहे, पीएमपीच्या बऱ्याच गाड्या आता इलेक्ट्रिक आहेत, मेट्रो आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. त्यात तुझं तत्त्व पण मोडत नाही. खरं सांग, मोडतं का?

तुझे आजोबा औसा ते लातूर सायकलवर यायचे असं तू मला ऐकवतीस. तेव्हा रस्त्यावर काय होतं, दोन एसट्या आणि बैलगाड्या.

असो. स्कूटी नको तर राहू दे. पैसे मोडत नाही, तसेच ठेवतो.

आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं डबा पाठवायलो, क्लीनरकडून सकाळी उतरवून घे. धपाटे, शेंगाचटणी, आणि खाली माझं पिवळं रिफ्लेक्टर जॅकेट आहे, नवीनच आहे, लाजायचं नाही, अंधार पडल्यावर घालायचं. मागचा लाल लाईट टेपनं गुंडाळलाय, सेल चार्जिंगचे आहेत, फेकायचे नाहीत. डबा परत पाठव, शुभमला देऊ नको, तो हरवतो. रविवारी फोन कर, पण आईच्या नंबरवर कर. मी घेतला तर परत सायकलचं काढीन.

पप्पा