समोरच्या बागेच्या माणसांना

बागेत राबणाऱ्या सगळ्या काका-काकूंना, ताई-दादांना,

स. न. वि. वि.

मी रोज लिहिते ते दुकानाच्या फळ्यावर, आजची भाजी कोणती आणि पोळीचा भाव काय, एवढंच. पत्र लिहायचा योग फार वर्षांनी आला. पण परवा गल्लीतल्या लोकांनी तुमचा सत्कार करायचं ठरवलं आणि तुम्ही शाल-श्रीफळाला सरळ नाही म्हणालात. तेव्हा आभार मानायचे ते असेच मानावे लागणार. उघड लिहितेय, कारण तुमच्यापैकी निम्म्यांची नावं मला ठाऊक नाहीत (माझ्या हिशेबात तुम्ही 'पाइपवाले काका', 'बँकेतल्या ताई', 'टोपीवाला दादा' असेच आहात), आणि तुम्ही काय काय केलंत ते बागेत नुसत्या फेऱ्या मारणाऱ्यांनाही कळलेलं बरं.

माझं पोळीभाजी केंद्र बागेच्या फाटकासमोर. पहाटे कणीक तिंबायला घेते तेव्हापासून समोर काय चाललंय ते दिसत असतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि फाटकाला कुलूप लागलं. ते निघालं तोवर आत कमरेएवढं गाजरगवत माजलं होतं आणि झोक्याच्या साखळ्या गंजून गेल्या होत्या. बाग तशी आहे केवढी! चार इमारतींच्या मधला तुकडा. मोठ्या बागांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, असल्या तुकड्यांना वाली नसतो.

तुम्ही तो हाती घेतलात आणि आधी लावलं काहीच नाही, हे मला तेव्हाच आवडलं. पहिला पावसाळा तुमचा नुसता गवत उपटण्यात गेला. गाजरगवताचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे म्हणे. देशात त्याची पहिली नोंद झाली ती इथेच, 1955 च्या सुमारास, आणि आयात गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. बँकेतल्या ताईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, पुण्याने अभिमान कशाकशाचा बाळगावा! विळ्याने कापलं तर ते पुन्हा फुटतं, एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, म्हणून फुलावर यायच्या आत मुळासकट काढायचं. अंगाला लागलं की खाज सुटते, कुणाकुणाला दम लागतो. भर पावसात पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातमोजे आणि तोंडाला रुमाल अशा अवतारात तुम्ही ओळीने उकिडवे बसलेले असायचात. नंतर टोपीवाल्या दादाने डबीतून मेक्सिकन भुंगे आणून सोडले. इवलेसे, पांढरट पाठीवर गडद रेघा. ते फक्त गाजरगवताचा पाला खातात, हे ऐकून माझा विश्वास बसेना. दुसऱ्या वर्षी कडेच्या गवताची पानं जाळी झालेली स्वतः पाहिली तेव्हा बसला.

मग प्रश्न आला मधल्या करंजाचा. कुणीतरी कधीतरी त्याच्या बुंध्याला चिकटून सिमेंटचा गोल कठडा बांधून ठेवलेला, आत फरशी. बसायला छान, पण झाडाचा गळा आवळलेला. काठाजवळची साल सुजून सिमेंटवर चढली होती. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. त्या बातमीची प्रत जोडून तुम्ही उद्यान खात्याकडे परवानगी मागितलीत आणि मिळवलीत. मला वाटलं, आता घण घालतील. पण तुम्ही छिन्नी-हातोडीने टकटक करत बसलात, मुळाला धक्का नको म्हणून. रविवारमागून रविवार ती टकटक ऐकत मी पोळ्या लाटल्या आहेत. गिऱ्हाईक वैतागायचं. मीही वैतागायची, खोटं कशाला बोलू.

गुलमोहराच्या वेळी तर तुम्ही वाईटपणाही घेतलात. गाडीवर कचरा पडतो, कापून टाका, असा आग्रह होता. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शहरातलं झाड तोडता येत नाही, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. पुढे महिनाभर काही लोक तुमच्याशी बोलत नव्हते, ते मला माहीत आहे. माझ्याच दुकानात उभे राहून ते काय काय बोलायचे, तेही माहीत आहे.

आता खताचं. हे थोडं सविस्तर लिहिणार, कारण यात माझाही हात आहे.

पूर्वी दर फाल्गुनात पानगळ झाली की कोपऱ्यात ढीग पेटायचा. बागेतला पालापाचोळा उघड्यावर जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं. धूर सरळ माझ्या स्वयंपाकघरात. तुम्ही तो ढीग तारेच्या जाळीच्या गोल पिंजऱ्यात भरलात आणि तुमच्यातल्या एक काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, तुमची सालं आम्हाला द्याल का?" रोजची टोपलीभर सालं, देठं, कोथिंबिरीच्या काड्या मी कचरागाडीत टाकत होते. तेव्हापासून तो डबा तुमच्याकडे येतो. तीन भाग वाळकी पानं, एक भाग माझा ओला कचरा, वर आंबट ताकाचा शिपका. तेलाचं, शिजलेलं काही नाही. काकूंनी मला परीक्षा शिकवली: मूठभर घेऊन दाबायचं, लाडू वळला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. गळलं तर आणखी पानं घाला, भुगा झाला तर पाणी मारा.

पहिल्या पावसाळ्यात त्यात राखाडी, जाड अळ्या वळवळायला लागल्या आणि मी डबा द्यायचा बंद केला. अन्नाचा धंदा आहे माझा, समोर अळ्या दिसल्या तर गिऱ्हाईक उभं राहील का? बँकेतल्या ताई रागावल्या नाहीत. काठीने एक अळी हातमोज्यावर घेऊन दाखवली. काळी सोल्जर माशी म्हणतात तिची ही अळी, ओला कचरा झपाट्याने संपवते, आणि माशी मोठी झाल्यावर घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. तरी माझ्या समाधानासाठी तुम्ही तो पिंजरा मागच्या भिंतीकडे हलवलात आणि वर पानांचा जाड थर द्यायला लागलात. तीन महिन्यांनी काकूंनी खताची पिशवी आणून दिली. काळंभोर, हलकं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. दाराशी मी कढीपत्ता लावला तो त्याच खतात. आता फोडणीला बाजारातून आणत नाही.

खऱ्या आभाराची जागा मात्र पुढेच आहे. जुलैमध्ये झाडं लावणारे पुष्कळ पाहिले. फलक, फोटो, खड्डा आधीच खणून ठेवलेला, पाहुण्यांच्या हातात झारी. एप्रिलमध्ये त्यांतलं कुणी दिसत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये दिसलात. पारा चाळीसवर, नळाला धार नाही, अशा दिवसांत सकाळी सातच्या आत तुम्ही प्रत्येक रोपाशेजारी पुरलेलं मडकं भरून वर झाकण ठेवत होतात. बिनरंगाचं, साधं, कुंभाराकडचं मडकं. पाणी त्याच्या अंगातून झिरपत मुळाशी जातं, उन्हात उडून जात नाही. माझं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पाइपवाले काका कॅन भरून न्यायचे. नावाला पाइपवाले, उन्हाळाभर पाइपला हात लावला नाही त्यांनी! बहावा, तामण, सोनचाफा, पारिजात, अडुळसा, सगळी त्या मडक्यांवर तगली. दोन पारिजातक तेवढे गेले. ते तुम्ही लपवलं नाहीत, त्याच खड्ड्यांत पुन्हा लावले.

हिरवळीवरून तुमच्यात झालेलं भांडण मी पोळ्या भाजता भाजता ऐकलं आहे. एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहून आलात आणि निम्म्यांना पिटुनियाचे वाफे हवे झाले. बाकीचे म्हणाले, त्यांना आणि लॉनला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? शेवटी वाफा एकच झाला, फाटकाजवळ, आणि मधलं गवत उन्हाळ्यात वाळू द्यायचं ठरलं. मेमध्ये ते पिवळं पडतं, जूनमध्ये हिरवं होतं. माझं मत विचाराल तर वाफा अजून एक चालला असता. रंग बघायला कुणाला आवडत नाही?

लिंबाच्या झाडावर टोपीवाल्या दादाने पाटी लावली आहे: 'पानं खाल्लेली दिसतील. चालतं.' पुण्यातल्या पाट्यांत इतकी सौम्य पाटी मी दुसरी पाहिली नाही. एकदा दुपारी बालवाडीची पोरं त्या झाडाभोवती जमली होती. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं आणि ते हळूच सरकलं. फुलपाखराची अळी ती, लहानपणी मुद्दाम असा वेश घेते म्हणे, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. एका पोरीने काडी लावली तर तिने डोक्यातून लाल शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सोडला. पोरं किंचाळत पळाली आणि लगेच परत आली. कुणीतरी औषध मारा म्हणून सुचवलं होतं, ते तुम्ही ऐकलं नाहीत. तेवढ्यासाठीही आभार.

आणि बागेत तुमच्या नावांचा फलक नाही, तेही माझ्या लक्षात आलं आहे. या शहरात बाकाच्या पाठीवरसुद्धा नाव असतं.

आता कामाचं. पाऊस धरला की कडेचं गाजरगवत पुन्हा डोकं काढेल. पोळ्या लाटणाऱ्या दोघी मावशी आणि मी, आम्ही तिघी सोमवारी सकाळी यायला तयार आहोत. त्या दिवशी केंद्र बंद असतं. हातमोजे तेवढे तुमचे द्या. हिवाळ्यात मटार निघाला की टरफलं पोत्याने येतील, त्यासाठी दुसरा पिंजरा आताच बांधायला घ्या, तार मी आणून देते. आणि रविवारचे पोहे यापुढे माझ्याकडून. पाइपवाले काका खिशात हात घालणार, हे ठाऊक आहे. त्यांना काही हरकत असेल तर त्यांनी समक्ष येऊन घ्यावी. एक ते चार दुकान बंद असतं.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
समोरची पोळीभाजीवाली ताई