केळव्याच्या ताईंना, नाशिकहून

ताई, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात तुम्ही ज्या नाशिककर मंडळींना पालघरच्या किनाऱ्यावरच्या केळवे-शिरगाव भागात पायी हिंडवलंत, त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र. मानधन दिलं म्हणजे आभार फिटले असं होत नाही, म्हणून लिहितेय. आणि सुट्टीत तिकडे जाणाऱ्या बाकीच्यांनाही कळावं, म्हणून जाहीरच लिहितेय.

त्र्यंबक-जव्हार रस्त्याने आम्ही आलो ते खरं तर समुद्रात डुंबायला. किल्ला म्हटलं की आम्हाला साल्हेर, अंकाई आठवणार. दम काढतो तोच किल्ला. त्यामुळे सुरूच्या बनातला तो वाळूत रुतलेला एवढासा कोट तुम्ही दाखवलात, तेव्हा आमच्यातली दोन-तीन मंडळी चक्क हसली. तुम्ही मात्र शांतपणे चप्पल काढलीत, ओल्या वाळूत काडीने किनारा काढलात आणि त्यावर शिंपले मांडलेत. हे केळवे, वर माहीम, मग शिरगाव, मग तारापूर. "एकटा कोट काहीच नाही, ओळ बघा," म्हणालात. पोर्तुगीजांनी खाड्या आणि बंदरं राखायला हे लहान लहान कोट किनाऱ्याने बसवले होते. मग तुम्ही एकेक शिंपला उचलू लागलात. वसईची मोहीम 1737 ला सुरू झाली, पण ही ठाणी चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतली ती जानेवारी 1739 मध्ये, एकापाठोपाठ. तारापूरला मराठ्यांचे सरदार बाजी भीवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई आली. शाळेत आम्ही फक्त वसई शिकलो होतो. तिच्या आधीची ही ओळ कुणी सांगितलीच नव्हती.

पाणकोटाला नेताना तुम्ही पहाटेच निरोप धाडलात: ओहोटी आहे तोवर जाऊन यायचं, चहा नंतर. आमच्या मंडळींचा चहा चुकवणं म्हणजे धाडसच! पण खाडीत जहाजासारखा उभा असलेला तो कोट बघून कुणी कुरकुर केली नाही. शिरगावला तटावर फिरलो, फांद्या फुटलेला रावणताड पोरांनी डोळे फाडून पाहिला. ताडाला फांद्या असतात यावर अजून आमच्या सोसायटीत कुणाचा विश्वास बसत नाही. फोटो दाखवावा लागतो.

मला सगळ्यात आवडलं ते तुमचं बोलणं. "हे कागदात आहे" आणि "हे आमची आजी सांगायची" यांची तुम्ही कधी सरमिसळ केली नाहीत. भुयार वसईपर्यंत जातं का, असं आमच्या एका काकांनी विचारलंच (प्रत्येक किल्ल्यावर कुणीतरी विचारतंच), तर तुम्ही हसून म्हणालात, "भुयाराची गोष्ट आमच्याकडेही आहे, भुयार नाही."

आणि जेवताना सहज बोलून गेलात, "आमच्या डहाणूचं नाव तुमच्या नाशिकच्या पांडवलेण्यात कोरलंय." घरी आल्यावर पुढच्याच रविवारी आम्ही डोंगर चढलो. दहाव्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताच्या अगदी खाली उषवदाताचा ब्राह्मी लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या त्यांत तापी आहे, दमणा आहे आणि दाहनुकाही आहे. पायथ्याशी राहणाऱ्या आम्हाला हे केळव्याच्या पानवेलीच्या वाडीत कळावं, याची गंमत वाटते.

तुमच्याकडचा भवानगड किल्ला राहिलाय. पावसाळ्यानंतर येऊ, भरती-ओहोटीचं गणित तुम्हीच बघून तारीख कळवा. त्याआधी तुम्ही सहकुटुंब नाशिकला या. लेणी आम्ही दाखवू, मिसळ आमच्याकडे.

आपली,
नाशिकच्या मंडळींतली एक