कुष्ठरोगाच्या कार्डावरचा रिकामा रकाना

संपादक महोदय,

दर ३० जानेवारीला ग्रामसभेत ‘स्पर्श’ अभियानाचा संदेश वाचला जातो, शपथ होते, आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात वर्षभरात किती नवे कुष्ठरुग्ण सापडले याची बातमी छापून येते. आकडा वाढला तर ‘कुष्ठरोगाचा विळखा’, घटला तर ‘कुष्ठमुक्तीकडे वाटचाल’. हे दोन्ही मथळे बहुतेक वेळा फसवे असतात. शोधमोहीम मनापासून झाली की आकडा वाढतोच. कोविडच्या वर्षी देशभर नवे रुग्ण एकदम कमी नोंदले गेले, ते घरोघरी जाणारे पाय थांबले म्हणून. जंतू काही टाळेबंदीत बसला नव्हता.

दुसरा घोळ ‘दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण’ या मापाचा. याच मापाने २००५ च्या अखेरीस भारताने कुष्ठरोग दूरीकरणाचे लक्ष्य गाठले. पण हे माप ३१ मार्च रोजी उपचार चालू असलेल्यांची मोजणी आहे. असांसर्गिक, म्हणजे पीबी, रुग्णाचा उपचार सहा महिन्यांचा. तो एप्रिलमध्ये सुरू झाला तर दिवाळीच्या आसपास रुग्णाचे नाव यादीतून जाते आणि मार्चच्या मोजणीत तो दिसतच नाही. पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांना हा हिशेब नीट ठाऊक आहे: माप कागदावर कधी खाली, कधी वर, आणि गावात लहान मुलांच्या अंगावर नवे चट्टे निघतच आहेत.

म्हणून पत्रकारांना विनंती, आरोग्य खात्याला दोनच आकडे विचारा. नव्या रुग्णांत १५ वर्षांखालची मुले किती, आणि निदानाच्या दिवशीच डोळ्यांना दिसणारी विकृती, म्हणजे दुसऱ्या श्रेणीची, किती जणांना होती? पहिला आकडा सांगतो की संसर्ग आजही चालू आहे. दुसरा सांगतो की आपण किती उशिरा पोहोचलो.

पण या पत्राचे खरे कारण तिसरे आहे. बधिर चट्टा असलेला माणूस सापडतो, पाचपर्यंत चट्टे असले तर पीबी, त्याहून जास्त किंवा एकापेक्षा अधिक नसा बाधित असल्या तर सांसर्गिक, म्हणजे एमबी, असे ठरते. एमबीला महिन्याला एक अशी गोळ्यांची बारा पाकिटे, पीबीला सहा. पाकिटे संपली की कार्डावर ‘उपचारमुक्त’ लिहिले जाते. त्याच कार्डावर हाता-पायांची संवेदना आणि स्नायूंची ताकद नोंदवायचे रकाने असतात. बहुतेक कार्डांवर ते पहिल्या दिवशी भरलेले आणि पुढे रिकामे दिसतात. कुठे कुठे पहिल्या दिवसाचीच नोंद पुढच्या महिन्यांत जशीच्या तशी उतरवलेली असते. ते तर रिकाम्यापेक्षा वाईट.

गोळ्या जंतू मारतात. नस मात्र जंतूंपेक्षा शरीराच्या त्यांच्यावरच्या चढाईने अधिक खराब होते, आणि ही रिॲक्शन उपचार चालू असताना येते तशी उपचार संपल्यावरही येते. चट्टे लाल होऊन फुगतात, किंवा अंगावर दुखऱ्या गाठी येऊन ताप भरतो. कधी बाहेर काहीच दिसत नाही, कोपरामागची नस दुखतही नाही, आणि करंगळीचा जोर महिन्याभरात जातो. रुग्णाला वाटते औषध बाधले, आणि तो गोळ्या बंद करतो. खरे तर एमडीटी, म्हणजे पाकिटातली बहुविध औषधे, चालूच ठेवायची आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचे असते. नसेची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर बरीचशी परत येऊ शकते. त्यानंतर आशा फार थोडी. म्हणजे तो रकाना रिकामा राहिला की हाताचा पंजा वाकतो, पाऊल लोंबते, आणि ते आपोआप झाल्यासारखे सगळे मान्य करतात.

तपासणीला यंत्र लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगून तळहातावर आणि तळपायावर ठरलेल्या ठिकाणी बॉलपेनचे टोक त्वचेत किंचित खड्डा पडेल इतके टेकवायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला लावायचे. मग ताकद: करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर, आणि डोळे घट्ट मिटून ठेवणे. प्रत्येक वेळी आपल्या बोटाने विरोध करून पाहायचे. सशक्त, अशक्त, लुळे, एवढ्या तीनच नोंदी. दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. चूक होते ती घाईत: पेन टेकवण्याऐवजी ओढले जाते (ओढलेले दूरवर जाणवते), डोळे उघडेच राहतात, भेगाळलेल्या जाड कातडीवर तपासून ‘बधिर’ लिहिले जाते. नोंद मागच्या महिन्याशी ताडून पाहिली तरच तिला अर्थ. एका जागेची संवेदना नव्याने गेली तरी त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे उभे करायला हवे.

मग हे होत का नाही? कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिळवली, ते योग्यच होते. रुग्णाला ‘महारोग्याच्या दवाखान्यात’ जावे लागणे संपले. पण नस चाचपायला शिकलेले अवैद्यकीय सहाय्यक आणि फिजिओथेरपी तंत्रज्ञ निवृत्त होत गेले आणि त्यांच्या हातांचे कसब कोणाला दिले गेले नाही. आशाताईंवर सगळा भार टाकणे अन्यायाचे आहे. संशयित शोधणे आणि पाकीट पोहोचवणे हे त्यांचे काम, त्याचा मोबदला निदान पक्के झाल्यावर २५० रुपये, पीबीचा उपचार पूर्ण झाल्यावर ४०० आणि एमबीचा ६००. नस तपासण्याचा त्यात एक रुपयाही नाही. मोबदला गोळ्या संपवण्याचा असेल तर गोळ्या संपतील, एवढेच.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान एका आरोग्य सेवकाला ही तपासणी हातात हात धरून शिकवावी आणि महिन्यातून एक ठरलेला दिवस ठेवावा. प्रेडनिसोलोन केंद्रावरच असावे. ते ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पंधरवड्याला उतरवत किमान बारा आठवडे द्यायचे असते. आधी मधुमेह आणि क्षयरोग तपासावा, जंताचे औषध द्यावे. दोन आठवड्यांची चिठ्ठी देऊन पुढचे तालुक्याला घ्या म्हटले की रुग्ण मध्येच सोडतो, आणि हे औषध अचानक बंद करणे स्वतःच धोक्याचे.

वेळापत्रकाचेही तसेच. धान पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि वर्षाच्या सुरुवातीला मिरची तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात. सकाळी दहाला आलेल्या शोधपथकाला घरात म्हातारी आणि लेकरे भेटतात. कर्ता पुरुष आणि सुना भेटत नाहीत. पथकात आशासोबत पुरुष स्वयंसेवक असतो तो पुरुषांची पाठ-कंबर तपासता यावी म्हणून, पण पुरुषच धानाच्या बांधीत, शेतात, असतील तर काय? भल्या सकाळी किंवा दिवेलागणीला एक फेरी ठेवावी. चट्टा मात्र उजेडातच पाहावा, फिका चट्टा बल्बखाली हुकतो. मिरचीला जाणाऱ्या रुग्णाला पुढच्या महिन्यांची पाकिटे एकदम देण्याची मुभा कार्यक्रमात आहे. घरातल्या कोणा तरी जबाबदार माणसाला मासिक डोस समजावून द्यावा. ‘रुग्ण गैरहजर’ असा शेरा मारण्यापेक्षा हे सोपे. बारा पाकिटे अठरा महिन्यांत, सहा पाकिटे नऊ महिन्यांत पूर्ण झाली तरी चालतात, हेही रुग्णाला कोणी सांगत नाही. एक महिना चुकला की सगळे वाया गेले असे समजून तो फिरकत नाही.

गोळ्या सोडण्याची आणखी दोन कारणे. पाकिटातल्या क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, आणि लग्नाच्या वयाच्या मुलीला ते चट्ट्यापेक्षा जास्त लपवावे लागते. रंग औषध संपल्यावर काही महिन्यांत उतरतो, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. मासिक डोसनंतर लघवी तांबडी होते, तेही. आणि पाकिटातल्याच डॅप्सोनने रक्त कमी होऊ शकते. आपल्याकडे सिकलसेलचे आणि पंडुरोगाचे प्रमाण पाहता हिमोग्लोबिन न बघता पहिले पाकीट हातात देऊ नये. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, कावीळ दिसली तर डॅप्सोन थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिन या औषधाचा एक प्रतिबंधक डोस दिला जातो. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. घेतलेल्यानेही अंगावर लक्ष ठेवायचेच. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुले आणि क्षयाची शंका असलेले यांना तो देत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, हा प्रश्न विचारायचा राहतो, तो राहू नये. आणि मोजक्या चार घरांत जाऊन रुग्णाचे नाव उघड करण्यापेक्षा घरांची सगळी ओळ घ्यावी.

शेवटी चपला. बधिर पायांसाठी मिळणाऱ्या एमसीआर, म्हणजे मऊ रबराच्या, चपला वर्षातून दोनदा द्यायच्या असतात. त्या मापाने आल्या तरच उपयोगाच्या. पायाची बाह्यरेषा कागदावर काढून घ्यावी, तीही संध्याकाळी, दिवसभरात पाऊल सुजलेले असते तेव्हा. टाचेला पट्टा हवा, कारण बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही. बोटे वाकलेल्याला बकल लावता येत नाही, त्याला वेल्क्रो द्यावा. खिळे कुठेही नकोत. आतला मऊ थर अंगठ्याने दाबून परत वर येत नसेल तर ती चप्पल संपली, वरून कितीही नवी दिसो. आणि कृपा करून सगळ्यांना एकाच रंगाच्या, एकाच घाटाच्या देऊ नका. गावात ती चप्पल लांबूनच ओळखू येते, म्हणून ती पायात न जाता पेटीत जाते, आणि माणूस बांधावर अनवाणी चालतो.

— कुष्ठरोग कार्यक्रमातील काही निवृत्त कर्मचारी, पूर्व विदर्भ