काळी खपली आणि तारेचा ब्रश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीपुढे थांबलो. परांचीवर दोघे कामगार तारेच्या ब्रशने पोरबंदरी दगडातली वेलबुट्टी खरवडत होते. खाली काळ्या खपल्या आणि पांढरी भुकटी पडत होती. दोन्ही कागदात बांधून घरी आणल्या, व्हिनेगर टाकलं. खपल्या जवळजवळ गप्प, भुकटी मात्र फसफसली. म्हणजे खपलीबरोबर चांगला दगडही चालला आहे.

मी ३१ वर्षं कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत सहायक होतो, खोड जात नाही. पोरबंदरी दगड हा चुनखडक, आपल्या शहाबादी फरशीचा भाऊबंद; व्हिनेगरसारखं आम्ल पडलं की फसफसतो. फरशीवर लिंबू सांडलं की पांढरा डाग उठतो आणि घासून जात नाही, हे आमच्या आईला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. कोळसा, डिझेल जळून निघालेला गंधकाचा वायू दमट हवेत आम्ल होतो आणि दगडाच्या अंगाचं जिप्सम करतो. (फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचाच!) जिप्सम पाण्यात दगडापेक्षा लवकर विरघळतं. म्हणून जिथे पावसाचा मारा बसतो तिथे दगड धुऊन पांढरा दिसतो, पण नक्षीतल्या पानांच्या कडा बोथट होतात. छज्ज्याखाली पाऊस पोचत नाही, तिथे जिप्सममध्ये काजळी अडकून काळी खपली धरते. आपण पांढऱ्याला धडधाकट समजतो. झिजतात दोन्ही.

कुर्ला-मालाडचा दगड वेगळा, उच्च न्यायालयाच्या भिंतींचा काळा दगड त्याहून वेगळा. त्यांना आम्लाचा असा जाच नाही. सगळ्यांना एकच ब्रश कसा चालेल?

त्याच परांचीवर सिमेंटचं पोतंही होतं, दरजा भरायला. पूर्वी तिथे चुना असे. चुन्यातून ओल निघून जाते. सिमेंट ओल अडवतं, मग ती दगडातूनच बाहेर पडते, वाटेत समुद्राचं मीठ दगडात साठवते आणि पापुद्रे सुटतात. मुकादमाला हे सांगू लागलो तर म्हणाला, ‘‘काका, पावसाच्या आत चकाचक करून द्यायचंय.’’

जुन्या इमारतींवरच्या परांच्यांवर ठेकेदाराच्या नावाचा फलक असतो. त्यावर दोन ओळी वाढवाव्यात : दगड कोणता आणि सांध्यात काय भरणार. महापालिकेने एवढी सक्ती करावी. माझी पुडी अजून शिल्लक आहे, कुणा अभियंत्याला हवी असल्यास देईन.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, गिरगाव